बाईकच्या टायरचं बॅलन्सिंग: पुढच्या चाकाचं तरी कराच (कात्रजच्या एका दुकानाचा अनुभव)

माझ्या बजाज पल्सर एनएस २०० बाईकचे दोन्ही टायर कात्रजला एका छोट्या दुकानात बदलून घेतले, पुढे १००/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७, दोन्ही ट्यूबलेस. टायर कुठेही मिळतात हो, मी लिहितोय ते फिटिंगसाठी. बॅलन्सिंग म्हणजे चाकाची एक बाजू जड असेल तर समोरच्या बाजूला रिमवर छोटी वजनं लावून ते सारखं करणं. कारला ही वजनं मारून देणारे बरेच दुकानदार बाईक म्हटलं की "त्याला काय गरज नाय" म्हणतात आणि हवा भरून मोकळे होतात.

इथल्या दादांनी जुना टायर काढल्यावर आधी नुसती रिम स्टँडवर लावली. भारी मशीन वगैरे काही नाही, बेअरिंगवर ठेवलेला दांडा, चाक हलकंच फिरवून सोडायचं, जी बाजू जड ती खाली येऊन थांबते. तिथे खडूने खूण केली आणि नव्या टायरवरचा पिवळा ठिपका बरोब्बर त्या खुणेवर आणून टायर बसवला. हा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, बऱ्याच कंपन्या मारून देतात, आणि सगळीकडे तो सरळ व्हॉल्व्हपाशी लावतात कारण बहुतेक वेळा रिम तिथेच जड असते. माझी मागची रिम मात्र व्हॉल्व्हपासून बरीच लांब जड निघाली! ठिपका व्हॉल्व्हपाशी लावला असता तर नंतर उगाच जास्त वजनं चिकटवायला लागली असती. शेवटी पुढे १५ ग्रॅम, मागे १० ग्रॅम लागलं.

आता गरज असते का, तर हिशोब बघा. पुढच्या रिमवर २० ग्रॅमचा फरक राहिला तर १०० च्या स्पीडला तो चाकाला पावणेचार किलोच्या आसपास जोराने ओढतो, आणि चाक सेकंदाला जवळपास १५ वेळा फिरत असतं. स्पीड निम्मा केला की जोर चौथाई, म्हणजे ५० ला किलोभरही नाही, त्यामुळे फक्त सिटीत फिरणाऱ्याला काही जाणवत नाही आणि तो गरज नाही म्हणतो ते त्याच्यापुरतं खरंच आहे. पण सातारा, कोल्हापूर करणाऱ्यांनी पुढचं चाक बॅलन्स केल्याशिवाय बसवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, हँडलची थरथर तिथूनच येते आणि बेअरिंगला मार बसतो तो वेगळाच. मागचं नाही केलं तरी एकवेळ चालेल, सिटीतल्या स्कूटरला तर मी आग्रहच धरणार नाही.

दादांची अजून एक गोष्ट आवडली, टायरमध्ये आधीपासून पंक्चरचं लिक्विड असेल तर ते बॅलन्सिंगला नाहीच म्हणतात, कारण लिक्विड खाली जमा होतं आणि स्टँडवर जड बाजू चुकीची दिसते. रिम आउट असेल तरी आधी ती सरळ करून आणा म्हणतात, वजनं लावून वाकडं चाक सरळ होत नाही.

वेळ खूप लागतो, एकच माणूस आहे, रविवारी जाऊच नका. बॅलन्सिंगचे एका चाकाला दीडशे घेतले, मला वाजवी वाटले. स्पोकवाल्यांनी मात्र फोन करून जा, चिकटवायची वजनं कायम असतात पण स्पोकवर बसणारी बऱ्याचदा संपलेली असतात.