अन्डूची सरळ रांग की फांद्या फुटणारं झाड?

डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे आणि आलेख एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर, माणसाने काय काय केलं याचा इतिहास ठेवायचा ठरला, की दोन वाटा समोर येतात: सरळ अन्डू-रीडूची (एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे) रांग, नाहीतर मागे जाऊन नवी वाट धरली तरी जुनी जपणारं, फांद्या फुटू देणारं झाड. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात दीड वर्ष रांग चालवली, आता झाड चालवतोय.

इतिहास हवाच का, हा प्रश्न मी सोडून देतो. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये माहिती डोळ्यांनी धुंडाळताना लागणारी सात कामं मांडली, त्यात झूम आणि फिल्टरच्या जोडीला इतिहासही होता. तरी आपण तो कामाच्या शेवटच्या टप्प्यावर ढकलतो.

रांगेचं सुख मोठं आहे. कंट्रोल-झेड सगळ्यांच्या बोटांत बसलंय, कुणाला शिकवावं लागत नाही. दोन स्टॅक (नोंदींच्या चळती), एक अन्डूचा आणि एक रीडूचा, लिहिले की काम झालं. स्लायडर ओढताना मात्र माउस सोडल्यावर एकच नोंद घ्या, नाहीतर एका ओढण्यासाठी चाळीस अन्डू दाबावे लागतात. झाड केलंत तरी हे पाळावं लागतंच.

माझं मन रांगेवरून उडालं ते एका दुपारी. नवी मुंबईतल्या पाण्याच्या मीटरच्या नोंदी बघायचा डॅशबोर्ड होता. तो वापरणाऱ्या इंजिनिअर मॅडमनी घणसोली निवडली, वेळ रात्री १ ते ४ केली, बिघडलेले दोन मीटर वगळले. त्या वेळी वापर जवळजवळ थांबतो, म्हणजे रेषा खाली बसायला हवी. ती बसली नाही. गळतीचा संशय आला. कोपरखैरण्यातही असंच आहे का बघायला त्या तीन पावलं मागे गेल्या, कोपरखैरणे निवडलं, पाहिलं, आणि रीडू दाबायला गेल्या तर बटण करडं, म्हणजे बंद.

“अहो, माझी घणसोली कुठे गेली?”

नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. मागे जाऊन नवीन काही केलं की रांग पुढचं सगळं पुसते. पण नेमके कुठले दोन मीटर वगळले होते, ते त्यांना आठवेना. पुन्हा जुळवलं, तर साहेबांना फोनवर सांगितलेला आकडा काही येईना. मजकूर लिहिताना माणूस मागे जातो ते बहुतेकदा चूक खोडायला. आकडे बघताना तो मागे जातो दुसरी वाट तपासायला, आणि पहिली वाट त्याला परत हवी असते.

झाडात काही पुसलं जात नाही. कल्पना नवी नाही: युटा विद्यापीठातल्या व्हिसट्रेल्स या डेटाची चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने इतिहास असाच ठेवला, विम या मजकूर लिहायच्या एडिटरमध्येही २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून अन्डूचं झाड आहे. आम्ही प्रत्येक नोंदीत फिल्टर, झूम, निवड आणि आधीच्या नोंदीचा आयडी ठेवतो. मूळ डेटा ठेवत नाही, त्यामुळे जागेची चिंता फारशी नसते. डेटा रोज बदलत असेल तर तो कधीचा आहे ती वेळही लिहून ठेवा, नाहीतर तीच नोंद उद्या वेगळा आकडा दाखवेल.

झाडाचा त्रासही आहे. अर्ध्या तासात साठेक नोंदी होतात आणि “फिल्टर बदलला” अशा ओळींत कुणालाच काही सापडत नाही. नावं “घणसोली, रात्री १ ते ४, २ मीटर वगळून” अशी आपोआप पडायला हवीत. संशोधक जेफ्री हीर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये टॅब्लो या आलेख बनवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी इतिहास छोट्या चित्रांत दाखवला होता. ते आमच्या लोकांना नावांपेक्षाही लवकर कळलं. कंट्रोल-झेड आम्ही तसंच ठेवलं: ते आधीच्या नोंदीवर नेतं, रीडू शेवटी पाहिलेल्या फांदीवर. ज्यांना झाड नको त्यांना ते दिसतही नाही.

एक आलेख आणि दोन ड्रॉपडाउन एवढाच पडदा असेल तर रांग पुरे. किंबहुना निवडलेले फिल्टर यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यातच ठेवून ब्राउझरच्या मागे जाण्याच्या बटणावरही भागेल. तीन-चार फिल्टर एकावर एक चढत असतील तर मी झाडच घेईन. निदान आधीच्या नोंदीचा आयडी पहिल्या दिवसापासून साठवा, झाडाचा पडदा नंतर बांधता येतो.