स्किनहेड पोरं: कोहेन की बर्मिंगहॅम?

1960 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या ईस्ट एंडमध्ये कामगारांची पोरं डोकं भादरून, जाड बूट, गॅलिस आणि आखूड जीन्स घालून फिरू लागली. हीच स्किनहेड पोरं. का?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट कोहेन यांचं उत्तर (1955) शाळेपासून सुरू होतं. शाळा मध्यमवर्गीय मापाने मोजते. पोरगा तिथे कमी पडतो, मग टोळीत तेच माप उलटं करून मान मिळवतो. चोरी करून माल फेकून देणं, निव्वळ नासधूस हे यातून छान उलगडतं. पण तेच बूट आणि तीच गॅलिस का, याला उत्तर नाही.

ते ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संस्कृती-अभ्यास केंद्राकडे आहे. गोदीतली कामं आटली, जुन्या गल्ल्या पाडून कुटुंबं टॉवरमध्ये हलवली. अभ्यासक फिल कोहेन यांच्या 1972 च्या मांडणीनुसार पोरं बापाच्या पिढीचा हरवलेला मोहल्ला वेशात पुन्हा उभा करतात. सुटका होते ती फक्त प्रतीकांत, नोकरी-घर जिथल्या तिथे. बूट म्हणजे अंगमेहनत, इतकं नेमकं.

वेश म्हणजे पोरांचा प्रतिकार, असं केंद्र वाचतं. इथेच घोळ होतो. प्रत्येक बटणात प्रतिकार शोधला की पोरांना स्वतःला काय वाटत होतं ते विचारायचंच राहतं, समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन (हे तिसरे!) यांनी 1980 मध्ये हेच सुनावलं. या पोरांनी पाकिस्तानी स्थलांतरितांना केलेली मारहाण ‘प्रतिकारा’त बसवणं तर अवघडच. मुली कुठे आहेत, हा अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या अभ्यासकांचा सवाल दोन्हीकडे लागू.

शाळेतली तोडफोड अभ्यासायची तर अल्बर्ट. वेश आणि वस्ती अभ्यासायची तर बर्मिंगहॅम, मात्र मुलाखतींसकट.