नव्या बॅटची कड आणि टोक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लिश विलोची ही बॅट मी आठ महिने वापरत आहे. आठवड्यातून दोनदा नेटमधील सराव आणि बहुतेक रविवारी लेदर बॉलवरचा सामना, इतका तिचा वापर झाला आहे. तिच्या वेष्टनावर ‘खेळण्यास तयार’ असे छापलेले होते. आधीच्या बॅटवरही तेच छापलेले होते. त्यावर विसंबून मी ती थेट सामन्यात नेली आणि तिसऱ्याच सामन्यात यॉर्कर अडवताना तिच्या टोकाचा कपचा उडाला. म्हणून ही बॅट पहिला चेंडू खेळण्यापूर्वी पूर्णपणे घरी तयार करायची, असे मी ठरवले.

विलोचे लाकूड हलके आणि मऊ असते. कारखान्यात ते रोलरखाली दाबले जाते खरे, पण तो दाब मुख्यतः पात्याच्या दर्शनी भागावर पडतो. कडांच्या गोलाईत आणि अगदी टोकाशी तो पुरेसा पोहोचत नाही, आणि नवी बॅट फुटते ती नेमकी तेथेच. ऑक्टोबर २०१७ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे कड ४० मिलिमीटरपर्यंत जाड असू शकते. माझ्या बॅटची कड ३८ मिलिमीटर आहे, परंतु जाड कड म्हणजे टणक कड नव्हे.

सुरुवात तेलाने केली. जवसाचे कच्चे तेल, साधारण चहाचा एक चमचा, सुती कापडाच्या बोळ्याने दर्शनी बाजूला, कडांना आणि टोकाला लावले. मूठ पात्यात जेथे बसवलेली असते तो सांधा आणि स्टिकर मात्र कोरडे ठेवले, कारण तेलाने सांध्याचा गोंद सैल होऊ शकतो. बॅट चोवीस तास आडवी ठेवली. उभी ठेवल्यास तेल टोकाकडे उतरून साचते. दुसऱ्या दिवशी आणखी एक पातळ हात दिला आणि तेथेच थांबलो. तेल जास्त मुरले की बॅट जड आणि मंद होते.

त्यानंतर लाकूड ठोकून टणक करण्यासाठी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, हाती घेतली. रोज वीस मिनिटे याप्रमाणे अठरा दिवस, म्हणजे एकूण सहा तास ठोकणी केली. यांपैकी जवळजवळ चार तास मी कडा आणि टोकाजवळच्या भागासाठी दिले, आणि आज पुन्हा करायचे झाले तरी वाटणी हीच ठेवीन, कारण पात्याचा मधला भाग खेळता खेळताही बसत जातो. कडेवर मोगरी सरळ मारायची नसते. दर्शनी बाजू आणि कड यांच्या कोपऱ्यावर सुमारे ४५ अंशांत, घसरता ठोका द्यायचा असतो. टोकाच्या तळावर आणि मागच्या बाजूला ठोकायचे नाही. पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यावर अंगठ्याचे नख दाबले की बारीक चंद्रकोर उमटत असे. बाराव्या दिवसाच्या सुमारास तेथे नख रुतेनासे झाले, धार गोल झाली आणि ठोक्याचा बसका ‘ठप्प’ आवाज मोकळा, खणखणीत झाला. त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो.

पुढे जुन्या चेंडूवर हलके झेल देण्याचा सराव केला. नेटमधील पहिल्याच दिवशी बाहेरच्या कडेवर शिवणीचे ठसे उमटलेले दिसले, तेव्हा खेळ थांबवून आणखी एक तास मोगरी चालवली. त्यानंतर तीन सत्रे जुन्या चेंडूवरच खेळलो आणि मगच नव्या चेंडूसमोर उभा राहिलो. दर्शनी बाजूवरची पारदर्शक शीट तेल पूर्ण सुकल्यावर चिकटवली. ती आजही जागेवर आहे.

चूक झाली ती टोकाच्या रबरी गार्डच्या बाबतीत. तेलाचा थर पॉलिश पेपरने न घासताच मी ते चिकटवले आणि चौथ्या महिन्यात ओल्या गवतावर खेळताना ते एका बाजूने सुटले. फटीतून पाणी शिरून टोकाचा एक कोपरा किंचित फुगला. बॅट आठवडाभर सावलीत सुकवून, टोक घासून गार्ड पुन्हा बसवले. फुगवटा कमी झाला, पण पूर्णपणे गेलेला नाही.

पाचव्या महिन्यात बाहेरच्या कडेवर, ग्रेनच्या, म्हणजे लाकडाच्या उभ्या रेघांच्या, रेषेतच, केसाएवढी एक चीर दिसली. विलोच्या बॅटवर अशा वरवरच्या चिरा पडतातच. तिच्यावर फायबर टेप गुंडाळली आणि टेपच्या काठाशी पेन्सिलीने खूण केली. तीन महिन्यांत चीर त्या खुणेपलीकडे सरकलेली नाही. चेंडूचे लाल ठसे आता बहुतेक मधोमध, टोकापासून हातभर अंतराच्या आत पडतात, आणि तेथून निघणारा चेंडू पहिल्या महिन्यापेक्षा निश्चितच वेगाने जातो. हंगाम संपला की शीट काढून पाते हलके घासणार आहे आणि तेलाचा एकच पातळ हात देणार आहे. टोकाला मात्र या वेळी गार्ड बसेल त्या जागी तेल लावणार नाही.