अंतर्गत सजावटीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : आरेखनात सरस, व्यवसायात अपुरा

पूर्णवेळ पदवी घेणे शक्य नसलेल्या, परंतु अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी आखलेला एक ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. अशा अभ्यासक्रमात पैसे आणि वेळ घालण्यापूर्वी काय पारखून घ्यावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

मोजमाप आणि कामाची आरेखने हा यातील सर्वांत दमदार भाग आहे. रिकाम्या खोलीच्या चारही भिंती मोजून थांबायचे नाही, तर दोन्ही कर्ण मोजायचे, कारण ते सारखे भरले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही आणि भिंतीला भिडवलेल्या कपाटाच्या कडेला फट राहणार, हे पहिल्याच पाठात कळते. पुढे कपाटाच्या आतील बारकावे येतात. 600 मिमी रुंदीच्या कपाटातून 18 मिमी प्लायवुडच्या दोन बाजू वजा केल्या की आत 564 मिमी उरतात. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण 13 मिमी जागा लागते, म्हणून ड्रॉवरचा डबा 538 मिमी ठेवायचा, आणि आतून लॅमिनेट लावायचे असेल तर त्याचीही जाडी वजा करायची. आमचे शिक्षक आरेखन तपासताना दुरुस्ती सांगत नसत. ज्या ठिकाणी माप सुटले असेल तेथे ‘सुताराने हे कोठून काढायचे?’ एवढे लाल अक्षरांत लिहून कागद परत पाठवत. या एका प्रश्नाने जे शिकवले, ते तासन्‌तास चालणाऱ्या व्याख्यानांनी शिकवले नसते.

प्रकाशावरील पाठही मनापासून तयार केलेले आहेत. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 4000 केल्विनचा पांढरा दिवा यांखाली एकाच कापडाची छायाचित्रे काढण्याचा गृहपाठ वरवर सोपा वाटतो. पण दुकानातील दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग घरी एकमेकांपासून फटकून का दिसतात, याचा उलगडा त्यातून होतो. दिवा निवडताना केवळ वॅट न पाहता रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे माप, 90 च्या वर आहे का, हे पाहण्याची सवय त्यानंतर लागते.

स्केचअप या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे पाठ मात्र बेताचे आहेत. कोणते बटण कोठे आहे, हे सांगण्यातच बराच वेळ जातो आणि तेवढी माहिती अन्यत्र फुकट मिळते. त्याहून खटकणारी बाब अशी, की अंतिम प्रकल्पासाठी सर्वांना एकाच घराचा नकाशा दिला जातो. परिणामी सगळ्यांच्या पोर्टफोलिओत तोच दिवाणखाना, तीच खिडकी आणि थोड्याफार फरकाने तोच राखाडी सोफा दिसतो. काम मागायला जाताना वेगळेपण दाखवावे लागते आणि नेमके तेच येथे हाती लागत नाही. एखाद्या खऱ्या खोलीचे मोजमाप स्वतः घेऊन तिचा मूळ नकाशा, फेटाळलेले पर्याय आणि अंतिम आरेखन असा प्रवास मांडायला सांगितले असते, तर निम्म्या चित्रांतही अधिक साधले असते.

व्यवसायाचा विषय एका छोट्या व्याख्यानात उरकला आहे, आणि ही मला सर्वांत मोठी त्रुटी वाटते. मानधन ठोक घ्यावे, क्षेत्रफळावर घ्यावे की एकूण खर्चाच्या टक्केवारीवर, यांची नुसती यादी मिळते. टक्केवारीवर मानधन ठरले की खर्च वाढवण्यात सजावटकाराचाच फायदा असतो, किंवा साहित्य पुरवणाऱ्याकडून दलाली घेतल्यास ग्राहकाशी असलेला विश्वासाचा व्यवहार बिघडतो, याचा उल्लेखही नाही. किती वेळा बदल करून द्यायचे, साईटवर किती फेऱ्या मारायच्या आणि मंजुरी कोणत्या टप्प्यावर लेखी घ्यायची, हे करारात कसे लिहावे याचा एखादा नमुना तरी द्यायला हवा होता. कल्पकता कितीही असली, तरी या गोष्टी न ठरवता काम घेणाऱ्याची पहिलीच कामे तोट्यात जाण्याचा संभव असतो.

ज्यांना एखाद्या अनुभवी सजावटकाराकडे सहायक म्हणून सुरुवात करायची आहे, त्यांना हा अभ्यासक्रम मी सुचवेन. थेट स्वतःची कामे घेऊ पाहणाऱ्यांना नाही. प्रवेश घेण्यापूर्वी आधीच्या एखाद्या विद्यार्थ्याचे तपासून परत दिलेले आरेखन संस्थेकडे पाहायला मागावे. त्यावर शिक्षकाच्या हातच्या खुणा दिसत नसतील, तर शुल्क भरण्याची घाई करू नये.