जुन्या गाडीची कूलंट-गळती आणि हातपंपाचा प्रेशर टेस्टर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा, हाताने हवा भरायचा आणि वर काट्याचे गेज असलेला प्रेशर टेस्टर मी गेल्या हिवाळ्यात विकत घेतला. आमच्या पंधरा वर्षे उलटलेल्या पेट्रोल हॅचबॅकमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, जाते तरी कुठे, एवढेच तेव्हा शोधायचे होते. आता उन्हाळा जाऊन पावसाळाही सरत आला आहे, दुरुस्ती टिकली आहे आणि हे उपकरण नात्यागोत्यातल्या इतर गाड्यांवरही वापरून झाले आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून उपकरण आणि दुरुस्ती या दोहोंबद्दल सविस्तर लिहितो.

आमच्या गाडीची तक्रार फसवी होती. बॉनेटखालच्या पांढऱ्या टाकीतली पातळी काही आठवड्यांत खालच्या रेषेवर येई. पण पार्किंगच्या फरशीवर एक थेंबही दिसत नसे. बेळगाव शहरात, म्हणजे टिळकवाडीतून कॅम्पात किंवा फार तर हिंडलग्यापर्यंत, गाडी चालवताना तापमानाचा काटा मध्यावरून हलत नसे. गोव्याहून परतताना मात्र साखळी गाव मागे टाकून चोर्ला घाटाचा चढ सुरू झाला आणि एसी चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये एखाद्या मालट्रकच्या मागे रखडावे लागले, की काटा वर सरकू लागे आणि कणकुंबी येईपर्यंत गोडसर उग्र वास आत येई. हा वास कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलचा असतो, आणि तो आला म्हणजे कूलंट कुठेतरी तापलेल्या धातूवर पडते आहे हे नक्की समजावे.

इथे दाबाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि या उंचीवर उघड्या भांड्यातले साधे पाणी ९७ ते ९८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते म्हणून इंजिनातले पाणी त्या तापमानाला उकळत नाही. आमच्या झाकणावर ०.९ बार, म्हणजे सुमारे १३ पीएसआय, असा आकडा छापलेला आहे. एवढा दाब टिकला तर उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलंटमुळे त्यात आणखी भर पडते. त्यामुळे गळती बारीक असली तरी तिचा तोटा दुहेरी होतो, कारण द्रव कमी होतोच आणि दाबही टिकत नाही. घाटात गाडी तापते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने.

टेस्टर घेण्याआधी अर्थातच गॅरेजांच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. एका ठिकाणी बॉनेट उघडण्यापूर्वीच निकाल मिळाला, ‘‘हीटिंग होतंय म्हणजे रेडिएटरच गेलाय बघा, सर.’’ दुसऱ्या ठिकाणचे मेस्त्री म्हणाले, ‘‘थर्मोस्टॅट काढून टाकूया की, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?’’ हा सल्ला आपल्या भागात सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते आणि पेट्रोल जास्त जाळते. शिवाय गळती जिथल्या तिथे राहते ती राहतेच. तिसरा उपाय सुचवला तो एका ट्रकचालकाने, रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा. रात्री निर्जन घाटात अडकून पडलेल्या माणसाने तो केला तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण हळद असो वा बाटलीतले गळतीरोधक, भोक कोणते आणि हीटरची बारीक नळी कोणती हा भेद त्याला कळत नाही.

टेस्टरची पद्धत सोपी आहे, परंतु इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. गरम इंजिनावर झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर येते, म्हणून हे काम मी सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीच करतो. रेडिएटर काठोकाठ भरायचा, योग्य मापाचे अडॅप्टर बसवायचे, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे लक्ष ठेवायचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर घमेल्यातल्या पाण्यात शोधतात, तेच तत्त्व इथे उलटे वापरलेले आहे. तिथे हवा पाण्यात बाहेर पडते, इथे हवा पाण्याला बाहेर ढकलते. मोठा फायदा असा की, एरवी गरम इंजिनातच असणारा दाब इथे थंड इंजिनावर मिळतो, पंखा फिरत नसतो, काही भाजत नाही आणि बाहेर आलेला थेंब सुकून न जाता जागेवर थांबतो.

आमच्या गाडीत काटा सावकाश उतरत होता, तरी रेडिएटर, त्याचे प्लॅस्टिकचे टोक आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते ती कड, आणि वॉटर पंपाखालचे गळती दाखवणारे छिद्र, सगळे कोरडे होते. शेवटी बॅटरीच्या बाजूने टॉर्च आणि छोटा आरसा घालून पाहिल्यावर थर्मोस्टॅट हाउसिंगच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या धातूच्या कवचाच्या, नळीवर जिथे वरचा होज पाइप चढवलेला असतो, तिथे क्लिपच्या खालच्या अंगाला गुलाबी-पांढरी खरपुडी दिसली. तिच्या टोकाला मोहरीएवढा थेंब धरत होता आणि फुगून गिअरबॉक्सच्या कवचावर पडत होता. कवचावर जुन्या ओघळांची पिवळट रेघ होती. एरवी तिथले कूलंट इंजिनाच्या उष्णतेने वाळून जाई, म्हणून फरशीवर काहीच येत नसे. थंड रबर आक्रसलेले आणि ताठ असताना हा जोड गळे, आणि गाडी तापून रबर मऊ झाले की पुष्कळसा बंद होई. गॅरेजमध्ये गाडी नेहमी तापूनच पोहोचायची, त्यामुळे तिथे कोणाला ओल सापडली नाही यात नवल नव्हते.

होज काढल्यावर कारण दिसले. ॲल्युमिनियमच्या नळीला रबराखाली खड्डे पडले होते. आधीच्या मालकाच्या काळात गाडीत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातले गेले असावे असा माझा तर्क आहे, कारण आत क्षारांचा थरही जाड होता. अशा पृष्ठभागावर नवी क्लिप कितीही आवळली तरी खड्ड्यांतून वाट राहतेच. उद्यमबागेत लेथवर नळी घासून गुळगुळीत करून घेता आली असती. पण भिंत आधीच पातळ झाली होती, म्हणून नवे हाउसिंग कोल्हापूरहून मागवले. त्यासोबत थर्मोस्टॅट, त्याची रबरी रिंग, वरचा-खालचा होज आणि रेडिएटरचे झाकण बदलले. झाकणही टेस्टरवर लावून पाहिले होते आणि छापील दाबाच्या निम्म्यावरच ते हवा सोडत होते. घाटातल्या हीटिंगमध्ये त्याचा वाटा होता याबद्दल मला शंका नाही. जुन्या गाडीत पहिला खर्च करायचाच असेल तर तो झाकणावर करावा, कारण इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित भाग दुसरा नाही.

क्लिपबाबत माझे मत स्पष्ट आहे. स्क्रूने आवळायच्या क्लिपपेक्षा मूळची स्प्रिंगची क्लिप चांगली, कारण रबर दबत गेले तरी ती स्वतःहून पकड धरून राहते. कूलंट तयार मिसळलेले घेतले. रंगावरून कूलंटची जात ओळखता येत नाही, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार डब्यावर वाचूनच घ्यावे आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवले, हीटरची कळ पूर्ण गरमवर केली आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवले. हवेचे बुडबुडे आत राहिले तर नव्या दुरुस्तीनंतरही काटा वर-खाली नाचतो आणि माणूस विनाकारण घाबरतो.

त्यानंतरच्या महिन्यांत टाकीतली पातळी थंड इंजिनावर केलेल्या पेनाच्या खुणेपासून हललेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत निपाणीच्या वाटेवर तवंदी घाट आणि गोव्याहून येताना चोर्ला, दोन्ही ठिकाणी एसी बंद न करता गाडी चढली. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे दमट हवेत बॉनेटमधून वाफ निघताना दिसली, तेव्हा थांबून पाहिले. रस्त्यावरचे पाणी गरम भागावर उडत होते, एवढेच. तापमानाचा काटा खाली पडला तरी निश्चिंत राहू नये, हेही इथे नमूद करतो. कूलंट फारच कमी झाले तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि इंजिन तापत असतानाही गेज थंड दाखवू शकते.

उपकरणाच्या उणिवाही आहेत. त्याच्या रबरी नळीच्या जोडातून सुरुवातीपासून थोडी हवा जात होती. साबणाचा फेस लावल्यावर ते कळले आणि टेफ्लॉन टेप गुंडाळून थांबले. हे आधी तपासले नाही तर धडधाकट गाडीतही गळती आहे असे वाटेल. अडॅप्टर पुष्कळ दिले आहेत, पण त्यांच्यावरचे रंग आणि माहितीपत्रकातली यादी जुळत नाही, त्यामुळे आपल्या गाडीचे अडॅप्टर बसवून पाहूनच शोधावे लागते. गेजवर बार आणि पीएसआय दोन्ही आहेत, ही सोय चांगली.

खानापूरच्या मेव्हण्याच्या डिझेल गाडीवर याचा वेगळाच उपयोग झाला. बाहेर कुठेच ओल नव्हती, म्हणून थोडाच दाब भरून इंजिन सुरू केले, तर ते तापण्याआधीच काटा झरझर चढू लागला. मी लगेच इंजिन बंद करून दाब सोडला. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे, म्हणजे हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या हेडखालच्या सीलकडे) बघावे लागणार, हे त्यावरून कळले आणि मेस्त्रींनी हेड उघडल्यावर तेच निघाले. रेडिएटर बदलण्याचा खर्च तरी वाचला.

घरात एकच आणि नवी गाडी असेल तर हे उपकरण घेण्याचे कारण नाही. दाब लावून तपासा असे गॅरेजला ठणकावून सांगितले तरी पुरे. दोन-तीन जुन्या गाड्या असणाऱ्या कुटुंबाने मात्र जरूर घ्यावे. काढलेले कूलंट गटारात ओतू नये. ते विषारी असते आणि गोड लागत असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. आमचे जुने कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलशेजारी, पण त्यात न मिसळता, ठेवायला दिले. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या कडेला अलीकडे किंचित पांढरट छटा दिसू लागली आहे, पण दाब लावल्यावर काटा स्थिर राहतो. तेव्हा तूर्त रेडिएटर बदलणार नाही, दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा दाब लावून पाहीन.