आखूड, भुऱ्या पापण्यांना कोणता मस्कारा चालतो: काही महिने वापरल्यानंतर

ज्यांच्या पापण्या मुळातच लांब आणि काळ्याभोर आहेत, त्यांनी लिहिलेले मस्काऱ्याचे रिव्ह्यू आपल्याला फारसे लागू पडत नाहीत. त्यांना दाटपणा हवा असतो. आपल्याला आधी पापण्या आहेत हे तरी दिसायला हवं असतं. म्हणून हा अनुभव खास आखूड आणि फिकट पापण्या असलेल्यांसाठी. बजेटमधले बरेच मस्कारे वापरून झाल्यावर मी 'ट्यूबिंग' म्हणजे केसाभोवती नळीसारखं आवरण बसवणाऱ्या प्रकारावर येऊन थांबले आणि गेले कित्येक महिने रोज तोच लावते आहे.

वरच्या पापणीचे केस साधारण 8 ते 12 मिलिमीटर लांब असतात. प्रत्येक केस टोकाकडे निमुळता होत जातो, आणि रंग भुरा असला की हे टोक नजरेत भरतच नाही. म्हणजे आपल्या पापण्या दिसतात त्यापेक्षा लांब असतात. उजेडाकडे तोंड करून बाजूने आरशात पाहिलं की लगेच लक्षात येतं. त्यामुळे पापण्या लांब दिसण्यासाठी सगळ्यात मोठं काम केसांच्या टोकापर्यंत रंग पोहोचवण्याचं आहे. नेमकं तेच 'व्हॉल्यूम' लिहिलेले मस्कारे नीट करत नाहीत. त्यांचा ब्रश जाडजूड असतो, तो आखूड केसांत शिरायच्या आत वरच्या कातडीला टेकतो, मुळाशी लगदा बसतो आणि टोकं भुरीच राहतात. शिवाय त्या वजनाने केस खाली झुकतात.

म्हणून खरेदी करताना मी आधी ब्रश बघते. बारीक, सरळ, आखूड दात असलेला रबरी ब्रश आपल्या पापण्यांना सगळ्यात सोयीचा. तो मुळापासून धरता येतो आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारक्या केसांपर्यंत जातो. फुगीर, मधे आत गेलेले ब्रश लांब पापण्यांसाठी ठीक आहेत.

आता दुसरी गोष्ट, पसरण्याची. साध्या मस्काऱ्यात मेण आणि तेलकट घटक असतात. पापणीच्या कातडीचं तेल त्यात मिसळलं की ते मऊ होतं आणि डोळ्याखाली काळं उतरतं. आखूड पापण्या कातडीच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे आपल्याकडे हे लवकर होतं. ट्यूबिंग मस्काऱ्यात पॉलिमर असतं. ते वाळताना प्रत्येक केसाभोवती बारीक नळीसारखं आवरण तयार करतं, आणि हे आवरण तेलाने विरघळत नाही. घाम आला, डोळ्यांत पाणी आलं, दुपारी डुलकी काढली, तरी संध्याकाळी डोळ्याखाली काही नसतं. मला या मस्काऱ्याचा हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

लॉरिआलचा 'डबल एक्स्टेंड ब्यूटी ट्यूब्ज' या प्रकारातला सहज ओळखता येणारा. त्याला दोन टोकं आहेत: एकात पांढरा बेस, दुसऱ्यात वरून लावायचा रंग. भुऱ्या पापण्यांना हा पांढरा बेस फार उपयोगी, कारण कुठला केस झाकला गेला आणि कुठला राहिला हे स्पष्ट दिसतं. पांढरं राहिलेलं टोक म्हणजे तिथे रंग पोहोचलेला नाही. बाकी कंपन्यांच्या वेष्टनावर 'ट्यूबिंग' असं लिहिलेलं असेलच असं नाही. 'कोमट पाण्याने निघतो' अशी ओळ दिसली तर समजावं.

काढणं ही खरी मजा आहे. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस डोळ्यावर थोडा वेळ ठेवायचा आणि हलकेच खाली ओढायचा. आवरणं बारीक काळ्या धाग्यांसारखी सुटून येतात. पहिल्यांदा पाहिल्यावर पापण्याच गळताहेत असं वाटतं, पण ते मस्काऱ्याचे तुकडे असतात. रिमूव्हर नाही, चोळणं नाही. आधीच मोजक्या असलेल्या पापण्या रोज चोळून तुटू देणं आपल्याला परवडत नाही.

लावताना दोन गोष्टी पाळते. कर्लर आधी, मस्कारा नंतर. वाळलेल्या मस्काऱ्यावर कर्लर दाबला तर केस त्याला चिकटतात आणि तुटतात. दुसरं म्हणजे दोन्ही थर पटापट, ओले असतानाच द्यायचे. ट्यूबिंग मस्कारा पूर्ण वाळल्यावर वरून पुन्हा लावला तर गुठळ्या होतात. लावून झालं की क्षणभर नजर खाली ठेवायची, नाहीतर वरच्या कातडीवर ठिपके उमटतात.

याच्याकडून दाट, भरगच्च पापण्यांची अपेक्षा ठेवू नये. तो सुटसुटीत, लांब आणि काळ्या पापण्या देतो, इतकंच. ज्यांच्या पापण्या अगदी सरळ खाली वळलेल्या आहेत त्यांना कर्ल टिकवायला वॉटरप्रूफ जास्त बरा. पाण्यावर आधारलेला मस्कारा ओला असताना केस सैल करतो, वॉटरप्रूफमध्ये ती अडचण कमी. पण तो काढायला तेलकट रिमूव्हर लागतो, म्हणून मी तो खास प्रसंगापुरताच ठेवते.

रंगाबद्दल: पापण्या अगदीच फिकट असतील आणि दिवसा नैसर्गिक दिसायचं असेल तर गडद तपकिरी घ्या. मी काळाच वापरते, कारण माझ्या भुवया गडद आहेत. एक गोष्ट मस्कारा कधीच करू शकत नाही, ती म्हणजे मुळांमधली कातडीच्या रंगाची फट भरणं. तिथे वरच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळाची बारीक रेघ ओढली की पापण्या तिथून उगवल्यासारख्या दिसतात आणि मस्काऱ्याचं निम्मं काम होऊन जातं.

लेन्स लावत असाल तर तंतू असलेले 'फायबर' मस्कारे टाळा, ते तंतू सुटून डोळ्यात जातात. आणि कुठलाही मस्कारा असो, ब्रश ट्यूबमध्ये वरखाली करू नका, हवा शिरून तो लवकर सुकतो. उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांनी ट्यूब बदला, थोडा मस्कारा उरला असला तरी. डोळ्याला लागून परत आत जाणाऱ्या ब्रशबरोबर जंतूही आत जातात.