लेहरा मोनो करायचा होता: एमजी रोडजवळच्या सुट्या भागांच्या दुकानाबद्दल

इंदिरानगरला माझा कथकचा क्लास आहे. लेहरा म्हणजे नाचाला साथ म्हणून पुन्हा पुन्हा वाजणारी चाल. आमच्या लेहऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सारंगी डावीकडे आणि तबला उजवीकडे आहे. दोन स्पीकर असले की कानाला फार गोड लागतं. पण देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम असला की मुलींच्या बाजूला एकच पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प्लिफायर असलेला) ठेवता येतो, आणि माझ्या छोट्या मिक्सरला मोनो आउट, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र देणारं आउटपुट, नाही. लेफ्ट आणि राइट, असे दोन एक्सएलआर (तीन पिनांचे ऑडिओ सॉकेट) आहेत. मागच्या वेळी फक्त लेफ्टची वायर स्पीकरला गेली. सारंगी ऐकू येत होती, ठेका नव्हता. तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपणारा बोल) घेताना दोघी जणी समेच्या आधीच येऊन थांबल्या. त्यातली धाकटी रडतच खाली उतरली. चूक तिची नव्हती, माझी होती.

लेहऱ्याच्या चॅनेलचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारं बटण) मधे आणून भागत नाही, कारण स्टिरिओ चॅनेलवर तो फिरवला की एक बाजू फक्त कमी होते, दोन्ही एकत्र येत नाहीत. म्हणून मी ऑनलाइन एक वाय केबल, म्हणजे दोन वायरी थेट एकीत जोडणारी, मागवली. आवाज वाढवला की बायाँचा (डग्ग्याचा) आवाज फाटायचा. ती केबल घेऊनच मी एमजी रोडच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानात गेले.

दुकानदार काकांनी केबल हातात घेतली आणि विचारलं, "ताई, ही लावणार कशाला?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन पंपांची तोंडं एकमेकांना जोडलीत तुम्ही. दोघं एकमेकांवरच जोर काढतायत." अगदी तेच होत होतं. मिक्सरच्या आउटपुटचा इम्पिडन्स (आतला विरोध) शे-दोनशे ओहमच्या आसपास असतो. दोन आउटपुट थेट जोडले की डाव्याला उजव्याचा भार ओढावा लागतो, आणि दोन्हीकडे वेगळं वाजत असलं की जास्तच. मधे रेझिस्टर टाकला की हे भांडण मिटतं.

बॅलन्स्ड लाइनला, म्हणजे सिग्नलच्या दोन तारा असलेल्या वायरीला, असे चार लागतात. ते एका छोट्या डबीत बसवायचे. लेफ्टची दोन नंबरची पिन आणि राइटची दोन नंबरची पिन, दोन्ही एकेक किलोओहममधून आउटपुटच्या दोन नंबरला. तीन नंबरचंही तसंच. एक नंबर म्हणजे शिल्ड, ती सरळ डबीच्या पत्र्याला. ना बॅटरी, ना अडॅप्टर.

मी एक किलोओहमचे, एक टक्कावाले (फार तर एक टक्का फरक असणारे) मेटल फिल्म रेझिस्टर मागितले. तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी पट्ट्यांचे, निळ्या अंगाचे. काकांनी वीस दिले आणि काउंटरवरचं मल्टिमीटर माझ्याकडे सरकवलं. "चार सारखे निवडा, बाकीचेही घेऊन जा." उभ्या उभ्या मी एकेक मोजला. ९९६, १००२, ९९८, ९९८... मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती, तरी त्यांनी घाई केली नाही. ९९८चे चार सापडले तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा मोजून पाहिले. कारण बॅलन्स्ड लाइनचं सगळं मर्म दोन तारा सारख्या असण्यात आहे. गुणगुण दोन्ही तारांवर सारखी बसते आणि पुढचं उपकरण दोघींमधला फरक घेतं, म्हणून ती कटते. एका तारेत जास्त ओहम आणि दुसरीत कमी झाले, तर थोडी गुणगुण उरतेच.

बिल ५५५ रुपये झालं. ॲल्युमिनियमची डबी २६०, तीन एक्सएलआर सॉकेट ८५ प्रमाणे २५५ (दोन फीमेल, एक मेल), रेझिस्टर ४०. सॉकेट साधे आहेत, खटका जरा सैल वाटतो. चांगल्या कंपनीचे त्या दिवशी नव्हते. डबीला गोल भोकं तिथे पाडून मिळत नाहीत, ती मी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली.

पॉलिटेक्निकनंतर बऱ्याच वर्षांनी सोल्डरिंग गन हातात घेतली. जोडून झाल्यावर मीटर लावला. लेफ्टच्या दोनपासून राइटच्या दोनपर्यंत दोन किलोओहम, दोन आणि तीनमध्ये जोडच नाही. बरोबर.

आता एकाच स्पीकरमध्ये सारंगीही आहे आणि ठेकाही. जे फक्त एका बाजूला असतं ते ६ डेसिबलने उतरतं, जे दोन्हीकडे सारखं असतं ते तसंच राहतं. त्यामुळे मधे ठेवलेली पढंत (तोंडाने म्हटलेले बोल) थोडी पुढे आल्यासारखी वाटते, तेवढा माइक मी खाली घेते. एक बाजूची वायर निघाली तर मात्र दुसरी बाजू एकदम मोठी होते, हे लक्षात असू द्या.

काकांनी निघताना आणखी एक बजावलं: हॉलच्या मिक्सरला ही डबी लावाल तर लाइन इनपुटला लावा, आणि ४८ व्होल्टचा फँटम (माइकला वीज देणारा पुरवठा) बंद आहे ना ते बघा. रेझिस्टर डीसी अडवत नाहीत, तो सरळ तुमच्या मिक्सरच्या आउटपुटवर येईल.

दुकानात एका वेळी तिघं जेमतेम उभे राहतात. गाडी लावायला जागा नाही, चालत आलेलं बरं. सोमवारी बंद.

मागच्या शनिवारी सभामंडपात थोडी हम (गुणगुण) आली, स्पीकर विजेच्या वेगळ्या लाइनवर होता. रेझिस्टरने दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं होत नाही, त्याला एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लागतो. काका मागवून ठेवतो म्हणालेत. मंगळवारी क्लास सुटला की तो आणायला जाणार आहे, आणि डबीत जागा आहे का ते बघायला तीही सोबत नेणार आहे.